गाडीची पेडलं आपल्या पायाला जुळवून घेताना

कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी मध्यम उंचीच्या, दोन्ही पाय धडधाकट असलेल्या माणसासाठी बांधलेली असते. उंची चार फूट आठ इंच असेल, एक पाय पोलिओचा असेल, गुडघ्याखाली जयपूर फूट असेल, अर्धांगवायूनंतर उजवी बाजू अजून पुरती सावरली नसेल, किंवा मधुमेहानं तळव्यांची जाणीव गेली असेल, तर तीच पेडलं अडचणीची होतात. यातल्या बऱ्याच जणांना गाडी चालवता येते. त्यासाठी पेडलं त्यांच्या शरीराला जुळवून घ्यावी लागतात, आणि ते काम कोणत्या क्रमानं करायचं हे एका जागी कोणी सांगत नाही. नाशिकमध्ये राहून पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझा उजवा पाय पोलिओचा. मी डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरवर, म्हणजे ब्रेकच्या डावीकडं बसवलेल्या जादा पेडलवर, गाडी चालवतो. ओळखीतले लोक विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किट कुठं मिळतं आणि कितीला पडतं?’ किट म्हणजे पेडलांच्या बदलाचं तयार साहित्य. हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी ब्रेक. तुमचं शरीर ब्रेक कसा, किती जोरात आणि किती वेळ दाबू शकतं, त्यावर बाकीचं सगळं ठरतं. कोणती गाडी घ्यायची, तिच्यात कोणता बदल करायचा, परवान्यावर काय लागेल, सगळं त्यातूनच निघतं.

अडचण नेमकी कशात आहे?

पेडलपर्यंत पाय पोहोचणं वेगळं, ते दाबण्याचा जोर असणं वेगळं, एका पेडलवरून दुसऱ्यावर पाय पटकन नेता येणं वेगळं आणि पाय कुठं आहे हे न बघता कळणं वेगळं. प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. म्हणून एक सकाळ यासाठी काढा. कोणाची तरी ऑटोमॅटिक गाडी मिळाली तर उत्तम. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर पार्कमध्ये किंवा न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन चालू करा. सोबत एक जण हवाच, पलीकडच्या दारातून खाली वाकून पायांकडे बघायला.

ब्रेक तळापर्यंत दाबा. त्या क्षणी गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. तो पूर्ण ताठ होत असेल, किंवा कंबर सीटवरून पुढं सरकत असेल, तर पोहोच कमी आहे. मग पूर्ण ताकदीनं दाबून धरा आणि मनात दहापर्यंत मोजा. पाय थरथरायला लागला का, दाब ढिला पडला का, ते बघा. रोजच्या चालवण्यात इतका जोर लागत नाही, पण समोर अचानक कोणी आलं की लागतो. युरोपातल्या ब्रेक चाचणीच्या नियमांत प्रवासी गाडीच्या पेडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो वजनाइतका जोर धरलेला आहे. त्यावरून अंदाज येईल.

यानंतर इंजिन बंद करा आणि ब्रेक तीन-चार वेळा दाबा. पेडल एकदम कडक होईल. इंजिन चालू असताना बूस्टर तुमच्या पायाला मदत करत असतो, बंद पडलं की साठलेला व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो आणि उरतो तो फक्त तुमचा पाय. घाटात इंजिन बंद पडलं तर गाडी याच पेडलवर थांबवायची असते. या कडक पेडलवर तुमचा पाय हरला, तर पायाच्या ब्रेकचा विचार सोडा आणि हाताच्या ब्रेकचा, म्हणजे हँडब्रेकचा नव्हे तर हातानं दांडा ढकलून मुख्य ब्रेक दाबायच्या यंत्रणेचा, विचार सुरू करा. हे ऐकायला कठोर वाटतं, पण चाचणीत कळलेलं बरं.

मग ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर आणि परत, खाली न बघता, सलग पंधरा-वीस वेळा. खाली बघणाऱ्यानं नीट सांगायचं की बुटाची कड ब्रेकखाली अडकते का, दोन पेडलं एकदम दाबली जातात का, टाच उचलावी लागते का. कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूची पट्ट्यांची चौकट) वापरणाऱ्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. कॅलिपरचा बूट रुंद असतो, तळवा जाड असतो आणि घोटा वळत नाही, त्यामुळे तो हमखास अडकतो. शेवटी डोळे मिटून पाय एका पेडलवर ठेवा आणि सांगा कुठलं आहे, हलकं दाबलंय की जोरात. मधुमेहाचे जुने रुग्ण इथं थबकतात. पायात ताकद असते, पण तळव्याला काही कळतच नाही. अशा वेळी पेडल कितीही जवळ आणलं तरी धोका तसाच राहतो.

आता निष्कर्ष. फक्त पोहोच कमी असेल तर पेडलला एक्स्टेन्शन, म्हणजे पेडल पायाजवळ आणणारा जोड. फक्त डावा पाय कमजोर असेल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या, पेडलांना हात लावायची गरज नाही. उगाच क्लच हातावर आणण्याचे महागडे उपाय करत बसू नका. उजवा पाय कमजोर आणि डावा भक्कम असेल तर ऑटोमॅटिक गाडी आणि डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर. दोन्ही पाय कमजोर असतील किंवा जाणीव गेली असेल तर हाताचा ब्रेक आणि हाताचाच ॲक्सिलरेटर. पायात झटके येत असतील, पाय आपोआप ताठ होत असेल, तर हाताच्या कंट्रोलबरोबर पेडलांसमोर आडवी संरक्षक पट्टीही हवी, नाहीतर झटक्यात पाय ॲक्सिलरेटरवर पडतो.

पोलिओवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. आपल्या देशात या आजाराचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, म्हणजे आपण बहुतेक जण आता वयानं मोठे आहोत. लहानपणी पोलिओ झालेल्यांची ताकद कित्येक वर्षांनी पुन्हा कमी व्हायला लागते, अगदी ज्याला आपण ‘चांगला पाय’ म्हणतो त्याचीसुद्धा. आज डावा पाय जेमतेम पुरतोय म्हणून त्याच्यावर सगळी गाडी टाकू नका. पुढच्या दहा वर्षांचा विचार करून निवडा.

डॉक्टर आणि कागद, गाडी घेण्याआधी

घरच्या चाचणीतून आलेली निरीक्षणं कागदावर लिहा आणि ती घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. फिजिओथेरपिस्टला दाखवलं तर फार उपयोग होतो, कारण कोणता स्नायू किती काम देतोय हे तो हातानं तपासून सांगतो. फिट येत असेल, चक्कर येत असेल, दृष्टी अर्ध्या बाजूची गेली असेल, तर पेडलांचा विषय तिथंच थांबतो.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर ऑनलाइन अर्ज करून ते आधी काढून घ्या. जिल्ह्याची तपासणी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. गर्दी असते, तपासणाऱ्या डॉक्टरांचं मंडळ बसण्याचे वार ठरलेले असतात, म्हणून आधी चौकशी करून जा. सोबत जुने रिपोर्ट, एक्स-रे आणि कोणी तरी माणूस न्या.

परवान्याची अडचण लोकांना फार मोठी वाटते. मोटार वाहन कायद्यात दिव्यांग व्यक्तीला तिच्यासाठी बदल केलेल्या गाडीचा परवाना देण्याची सोय आहे. ती व्यक्ती अशी गाडी चालवायला योग्य आहे, एवढी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. आधी शिकाऊ परवाना, तो सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. अडचण अशी की चाचणी बदल केलेल्या गाडीवरच द्यावी लागते, आणि आपल्या बदलाची गाडी ड्रायव्हिंग स्कूलकडे मिळणं अवघड. त्यामुळे क्रम असा ठेवा की शिकाऊ परवाना काढायचा, गाडी घ्यायची, बदल करून घ्यायचा, त्याच गाडीवर शिकायचं आणि तीच गाडी घेऊन चाचणीला जायचं.

गाडी निवडताना

शोरूममध्ये रंग आणि मायलेज बघण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा. रोज घालता तेच बूट घालून जा, कॅलिपर असेल तर कॅलिपरसह. सीट वर-खाली होते का? स्टिअरिंग नुसतं वर-खाली होतं की पुढं-मागंही सरकतं? कमी उंचीच्या माणसाला या दोन गोष्टी एक्स्टेन्शनपेक्षाही जास्त उपयोगी पडतात. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये तुमचा बूट मावेल इतकं अंतर आहे का? डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवायचा असेल तर ब्रेकच्या डावीकडं मोकळी जागा लागते, आणि काही गाड्यांत तिथं गाडीच्या तळाचा मधला उंचवटा फुगून आलेला असतो.

ऑटोमॅटिकचे प्रकार आहेत. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी) स्वस्त पडते, पण द्वारकेच्या चौकासारख्या इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत आणि चढावर ती धक्के देते. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी मागं येण्याचा क्षण दिव्यांग चालकाला जास्त त्रासाचा असतो. हिल होल्ड (चढावर काही क्षण ब्रेक धरून ठेवणारी सोय) असलेली गाडी घ्या. बजेट असेल तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे जास्त सुरळीत चालणारे ऑटोमॅटिकचे प्रकार बघा. इलेक्ट्रिक गाडीचा विचार जरूर करा. ज्या गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःहून बरीच मंदावते, त्यांत पाय दोन पेडलांमध्ये कमी वेळा हलवावा लागतो. थकणाऱ्या पायाला हा मोठाच आराम आहे.

शिकवणारा शेजारी बसणार आहे, त्याला ओढता येईल असा मधला हँडब्रेक असेल तर सोन्याहून पिवळं.

मापं घेणं

या कामात सगळ्यात जास्त घाई इथं होते आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. सिडकोतल्या एका ताईंची मापं आम्ही त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली, ती पद्धत सांगतो.

ताईंची उंची कमी, दोन्ही पाय उत्तम. त्यांना वाटत होतं चार इंचांचं एक्स्टेन्शन लागेल. पहिल्यांदा आम्ही पेडलकडं बघितलंच नाही. सीट पूर्ण वर घेतली, पाठ टेकवून ताठ बसवलं, सीट इतकीच पुढं आणली की छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत टेपनं किमान २५ सेंटिमीटर भरले. हे अंतर एअरबॅगसाठी आहे. एअरबॅग फुटते तेव्हा पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये तिचा मार सर्वांत जोराचा असतो. उंची कमी असलेले लोक पेडल गाठायला स्टिअरिंगला चिकटून बसतात आणि नेमके त्या पट्ट्यात जातात. खरं तर एक्स्टेन्शन लावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की सीट मागं ठेवता यावी.

२५ सेंटिमीटर कायम ठेवून मग ब्रेक पूर्ण दाबायला सांगितला. चवडा पेडलला लागत होता, पण जोर पोटऱ्यांतून न येता कंबरेतून येत होता. पेडलवर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीनं लावत गेलो, गाडी बंद ठेवून. गुडघ्यात आरामशीर बाक आला तेव्हा जाडी मोजली, तर चार नाही, अडीच इंच निघाली. मग आला टाचेचा प्रश्न. पेडल अडीच इंच जवळ आलं, पण जमीन होती तिथंच राहिली. टाच हवेत. टाच हवेत असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय अधांतरी राहतो, खड्ड्यात गाडी उसळली की पायही उसळतो आणि गाडी हिसके देते. म्हणून टाचेखाली तेवढ्याच हिशेबाचं पायठाण करावं लागतं. हे पायठाण बहुतेक लोक विसरतात, आणि मग एक्स्टेन्शन निरुपयोगी आहे म्हणून काढून टाकतात.

मापं घेताना चार गोष्टी लिहून ठेवा: ब्रेक किती जवळ हवा, ॲक्सिलरेटर किती, बाजूला किती सरकवायचा, टाच किती उचलायची. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची जाडी एकसारखी असेलच असं नाही, मात्र बहुतेक गाड्यांत ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा थोडा वर असतो, तो तसाच वर राहिला पाहिजे. दोन्ही एका पातळीत आले की घाईत दोन्ही एकदम दाबले जातात.

काम करून घेताना

अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत काय बनत नाही! लेझर कटिंग, सीएनसी, उत्तम वेल्डिंग, सगळं शहरात आहे, आणि ‘तुम्ही डिझाइन द्या, आपण संध्याकाळपर्यंत बनवून देऊ’ म्हणणारे कारागीरही आहेत. त्यांच्या हाताला तोड नाही. तरीही माझं स्पष्ट मत असं की ब्रेकशी जोडलेला कुठलाही भाग स्थानिक बनावटीचा करून घेऊ नका. पायठाण, चेकर प्लेट (उंचवट्यांच्या नक्षीचा पत्रा), रबरी पॅड, स्क्रू करून बसणारी संरक्षक पट्टी, हे सगळं अंबडला करून घ्या. ब्रेकचा दांडा, हाताच्या कंट्रोलची जोडणी, डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरची यंत्रणा मात्र तयार किटचीच घ्या. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेनं तपासलेलं किट आहे का, हे विक्रेत्याला विचारा, आणि आहे म्हणाला तर तो कागद मागा. आरटीओतही तो लागतो.

एक्स्टेन्शन क्लॅम्पनं बसणारं हवं. ब्रेकच्या मूळ दांड्याला वेल्डिंग कधीही करू देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड बदलतं आणि तिथूनच पुढं केव्हा तरी तडा जातो, तोही जोरानं ब्रेक मारताना. क्लॅम्पचे बोल्ट ८.८ ग्रेडचे आणि नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) असावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, बसवण्याआधी स्वतः बघा. एक्स्टेन्शन दोन बोल्टनी आवळलेलं हवं. एकाच बोल्टवर असेल तर ते फिरतं, आणि फिरलेलं पेडल पायाला सापडत नाही. पेडल बाजूला सरकवायचं असेल तर जपून: जितकं बाजूला, तितका दांड्याला पीळ बसतो. इंच-सव्वा इंचापेक्षा जास्त सरकवायची वेळ आली तर पद्धतच बदला.

ॲक्सिलरेटरचं एक्स्टेन्शन हलकं हवं, ॲल्युमिनियमचं. जड लोखंड लावलं तर पाय काढल्यावर स्प्रिंगला पेडल परत आणायला वेळ लागतो. बसवल्यावर पेडल तळापर्यंत दाबून एकदम सोडा. ‘टक्’ करून जागेवर आलं पाहिजे. आजकालच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमागं सेन्सर असतो आणि तारा कॉम्प्युटरकडं जातात. त्या तारा कापून जोडाजोड करू म्हणणाऱ्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. चांगलं यांत्रिक किट मूळ पेडलला हात न लावता बाहेरून दाबतं, सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही.

डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरमध्ये ब्रेकच्या डावीकडं एक नवं पेडल येतं आणि आडव्या दांड्यानं ते उजवीकडच्या मूळ पेडलला दाबतं. याच्यासोबत मूळ पेडलवर झाकण किंवा आड असणं अत्यावश्यक आहे, नाहीतर निर्जीव उजवा पाय घसरून त्यावर पडू शकतो. पूर्ण यंत्रणा एक खटका दाबून काढता येईल अशी घ्या. घरात दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर ती काढून ठेवता आली पाहिजे. सवय नसलेल्या माणसाचा डावा पाय क्लच समजून त्या पेडलवर जातो आणि गाडी सुसाट सुटते.

हाताच्या कंट्रोलमध्ये स्टिअरिंगखाली एक दांडा येतो. पुढं ढकलला की ब्रेक, आणि ओढला, खाली दाबला किंवा मूठ पिळली की ॲक्सिलरेटर, किटप्रमाणे. ब्रेक पुढं ढकलायचा असतो कारण घाबरल्यावर माणूस हात ताठ करतो आणि गाडी थांबते; उलट्या दिशेचं किट दिसलं तर घेऊ नका. एक हात दांड्यावर गुंततो, म्हणून स्टिअरिंगला फिरवायची मूठ बसवावी लागते. वायपर, इंडिकेटर, हॉर्न त्याच हाताला पोहोचतात का, ते बसून बघा. गुडघ्यासमोर एअरबॅग असेल तर दांड्याची जोडणी तिच्या आड येऊ देऊ नका, आणि कंट्रोलसाठी कुठलीही एअरबॅग काढू देऊ नका.

काम झाल्यावर मेकॅनिकनं ‘झालं साहेब’ म्हटलं तरी लगेच निघू नका. प्रत्येक पेडल हातानं चारही दिशांना हलवा. इंजिन चालू करून ब्रेक जीव खाऊन दाबा, तळाशी पायठाणाला किंवा मॅटला तर टेकत नाही ना बघा. ड्रायव्हरच्या बाजूची सुटी मॅट कायमची काढून टाका. एक्स्टेन्शनखाली सरकून अडकणारी मॅट हा टाळता येण्यासारखा अपघात आहे.

आरटीओ, इन्शुरन्स आणि सवलती

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी त्यात वाट मोकळी केली. मालक आपली गाडी दिव्यांगाच्या वापरासाठी बदलून घेऊ शकतो आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी त्यानंतर घेऊ शकतो, बदल केंद्राच्या अटींत बसले म्हणजे झालं. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवायचं, हे धरून चाला. एमएच-१५ वाल्यांसाठी पेठ रोडवरचं आरटीओ, मालेगावकडच्यांसाठी मालेगावचं. किटचं बिल, चाचणीचा कागद, दिव्यांग प्रमाणपत्र, आरसी, इन्शुरन्स, बदलाचे फोटो, अशी फाइल करून न्या. शक्य तर स्वतः जा. एजंटला बदल समजावून सांगता येत नाही, आणि निरीक्षकाचे प्रश्न पेडलबद्दलच असतात.

नवी गाडी असेल तर नोंदणीच्या वेळीच मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ लिहून घ्या. ऑक्टोबर २०२० पासून अर्जातच ती सोय आहे, आणि पुढच्या सवलती मागताना तो शब्द आरसीवर असणं कामाला येतं. बदल-किटवरचा जीएसटी २०२१ पासून ५ टक्के आहे, बिलावर १८ लावला असेल तर विचारा. लहान गाडीवर दिव्यांगांना अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर १८ टक्के दराची सवलत मिळायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा दर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुनी माहिती वाचून त्या प्रमाणपत्रामागं धावण्याआधी डीलरकडून हिशेब मांडून घ्या. रोड टॅक्सची माफी आणि हायवेच्या टोलची सूट यांचीही चौकशी पेठ रोडच्या त्याच फेरीत करा.

इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर सूट देणारं कलम आहे, त्याला आयएमटी १२ म्हणतात. त्यासाठी आरसीवर नोंद लागते. सूट कितीही असली तरी नोंद करा. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला सोपं कारण होतं. फक्त उंची कमी म्हणून एक्स्टेन्शन लावणाऱ्यांनीही एक मेल टाकून ठेवावा.

सराव

पहिले काही दिवस गाडी रस्त्यावर नकोच. तपोवनातल्या मोकळ्या जागेत, किंवा सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर सुरुवात करा. ‘एल’ लावा, परवानाधारक शेजारी बसवा. पहिल्या दिवशी फक्त सुटणं आणि थांबणं. डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरवर येणाऱ्यांनी, आणि त्यातही आधी वर्षानुवर्षं गिअरची गाडी चालवलेल्यांनी, हा टप्पा लांबवावा. त्यांचा डावा पाय क्लच दाबायला शिकलेला असतो, आणि क्लच आपण तळापर्यंत दाबतो. शेजारच्यानं मध्येच ‘थांब!’ म्हणून ओरडायचं आणि तुम्ही गाडी थांबवायची. पाय विचार न करता ब्रेकवर जायला लागेपर्यंत हे करत राहा. हाताच्या कंट्रोलवाल्यांनाही हाच सराव, शिवाय वळताना ब्रेक मारण्याचा वेगळा.

मग सकाळी लवकर गंगापूर रोड, मग कॉलेज रोडची वर्दळ, मग उड्डाणपुलाचा चढ-उतार. रविवार कारंजा, शालिमार, मेन रोड सगळ्यात शेवटी. तिथं रिक्षा आणि दुचाक्या कुठूनही येतात आणि ब्रेक-ॲक्सिलरेटरची अदलाबदल मिनिटागणिक करावी लागते. त्र्यंबकचा रस्ता चांगला सरावाचा आहे, श्रावणी सोमवार वगळून. कसारा घाट आणि सप्तशृंगी गडाचा रस्ता पायाची ताकद कळल्याशिवाय नको. घाट उतरताना ऑटोमॅटिकमध्ये खालचा गिअर लावून इंजिनाच्या रोधावर उतरा, पाय ब्रेकवर सतत ठेवला की पायही थकतो आणि ब्रेकही तापतात.

पावसाळ्यात ओले बूट पेडलवरून घसरतात. खरखरीत रबरी पॅड लावा आणि गाडीत एक कोरडं फडकं ठेवा.

महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाका आणि प्रत्येक नट पान्यानं तपासा. बसवल्यावर नटावर आणि शेजारच्या पट्टीवर रंगानं एक सरळ रेघ मारून ठेवली असेल तर नट फिरल्याचं नजरेनंच कळतं. गाडी सर्व्हिसिंगला देताना डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर आधी काढून घरी ठेवा. काढता येत नसेल तर स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, आणि सुपरवायझरलाच नव्हे, गाडी आत नेणाऱ्या मुलालाही तोंडी सांगा. परत घेताना सीट जुन्या जागेवर आणा, त्यांनी घातलेली कागदी मॅट काढा, पेडलं पुन्हा हातानं हलवून बघा आणि मगच गाडी बाहेर काढा.